ठेचकाकांच्या कोटाची बटणं

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्रभूत सलाम.

आमचा धाकटा सुखरूप पोचल्याचं कळलं. तुम्ही त्याला मागची खोली दिलीत, खिडकीशी टेबल लावून दिलंत आणि ओळखीच्या शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसवलंत. भावजयीच्या भावासाठी एवढं कोण करतं? तुमचे भाऊ म्हणतात, "ताईचं असंच आहे. देते तेव्हा भरभरून देते आणि मग जन्मभर ऐकवते." मी म्हटलं, ऐकवू देत, मी ऐकेन.

आता मागणं. मागण्याशिवाय भावजयीचं पत्र यायचं नाही, असं तुम्ही मनात म्हणालाच असाल.

तो तुमच्याकडे का आलाय ते मी अर्धंमुर्धं सांगितलं होतं, आता पुरतं सांगते. पत्त्यांपायी त्याचं शिलाई मशीन गेलं. आधी हातातलं घड्याळ, मग मशीन, आणि मग बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. तिनं दार लावून घेतलेलं नाही, पण कडीवर हात ठेवून उभी आहे. जूनमध्ये लेकीला घेऊन ती तुमच्याकडे येऊन त्याला बघणार, आणि मग एकत्र राहायचं की नाही ते ठरवणार. तो राहतोय त्या घरात पत्ते नाहीत, असा शब्द मी तिला दिलाय.

आणि ताई, तुमच्या घरात पत्ते आहेत. दर शनिवारी देवळातला गाण्याचा सराव आटोपला की तुमच्याकडे चौघं जमतात आणि मेंढीकोट रंगतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही पैसे लावत नाही, हेही ठाऊक आहे. त्यात पाप नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. फक्त तो आहे तोवर डाव दुसऱ्या कुणाकडे मांडा. तुमच्यातल्या त्या मास्तरांच्या घरी मांडा. एवढं कराल ना?

तुमची
भावजय


२० फेब्रुवारी

वहिनीबाई,

तुलाही सलाम, प्रभूत आणि प्रभूबाहेरही.

माझ्या घरात पत्ते नाहीत असा शब्द तू दिलास, हे वाचून धन्य झाले. घर माझं, पत्ते माझे, शब्द तुझा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

तू अगदी नेमक्या वेळी मागितलंस. तुला आमचे ठेचकाका ठाऊक नाहीत. त्यांचं खरं नाव आता त्यांनाही आठवत नसेल. ते चर्चच्या वडील मंडळात बसतात आणि त्यांना ठेच लागते. पायाला नव्हे, विश्वासाला. माझ्या खाण्यानं दुबळ्या भावाचा पाय घसरणार असेल तर मी त्या पदार्थाला जन्मात हात लावणार नाही, असं तो प्रेषित सांगून गेलाय ना? ठेचकाकांनी ते वाचलं आणि ओळखलं की मंडळीत सगळ्यांत मोठी खुर्ची दुबळ्या भावाची आहे. तेव्हापासून ते तिच्यावर बसलेत. वेदीवर लाल फुलं ठेवली, ठेच. उपासनेनंतरच्या चहाबरोबर क्रीमची बिस्किटं आली, ठेच. माझे गुडघे दुखतात म्हणून मी पळायचे बूट घालून देवळात गेले तर दोन ठेचा, दर बुटाला एक. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्याकडे पुढच्यास ठेच, आणि मागच्यांच्या बिस्किटातलं क्रीम गेलं.

गेल्या वर्षी त्यांची दृष्टी माझ्या पत्त्यांवर पडली. मी सगळा जन्म दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, लोकांची बाळं आणि लोकांचे म्हातारे सांभाळले. आता आठवड्यातून एक संध्याकाळ चार म्हातारी माणसं पत्ते पिसतात, त्यातही यांचा विश्वास डळमळतो. मी वडील मंडळासमोर उभी राहिले आणि त्याच प्रेषिताचं दुसरं बोलणं पुढे केलं, की माझ्या मोकळेपणाचा न्याय दुसऱ्याच्या मनानं का म्हणून करायचा? पाळकसाहेबांना दोन्ही बाजू पटल्या. त्यांना नेहमीच पटतात. शेवटी डाव चालू राहिला. तो मी भांडून मिळवलाय, आणि तू म्हणतेस मास्तरांच्या घरी मांडा. मास्तरांकडे एकच बरी खुर्ची आहे आणि तिच्यात मांजर झोपतं.

तुझ्या भावाच्या खोलीला दार आहे. दाराला कडी आहे. पत्त्यांना पाय नसतात. तो आत सुखात असतो, मी बाहेर सुखात असते. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझी
नणंद


२ मार्च

प्रिय ताई,

सलाम.

तुमचं पत्र तुमच्या भावांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. बिस्किटाच्या जागी त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. मलाही आलं. मग मी भांडी घासायला बसले तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या लांब पत्रात माझ्या मागण्याचं उत्तर "नाही" असं आहे.

ताई, ठेचकाका येऊन सांगतात तरी की त्यांना लागलं. आमचा धाकटा सांगणार नाही. त्याला कुणाच्या घरी राहायचं म्हणजे आधीच चोरट्यासारखं होतं. तुम्ही विचारलंत, "तुला चालेल ना रे?" तर तो म्हणेल, "चालेल की." त्याच्याच तोंडून ऐकून तुम्ही निश्चिंत होऊ नका, एवढ्यासाठी लिहिते.

दाराला कडी आहे म्हणता. पत्ते पिसल्याचा आवाज त्याला तीन खोल्यांपलीकडून ओळखू येतो. आमच्या घरी पावसाळी चपलांचा फटफट आवाज झाला तरी मान वळवायचा.

तुमच्यावर माझा हक्क नाही. तुमच्या चांगुलपणावर थोडा आहे, असं समजत होते.

तुमची
भावजय


१८ एप्रिल

वहिनीबाई,

सलाम.

उत्तराला उशीर झाला. शेवटच्या वाक्यावर काय लिहावं ते सुचलं नाही, आणि सुचत नसलं की मी कपाटं आवरते. माझी कपाटं सध्या फार नीटनेटकी आहेत.

आता बातमी ऐक, आणि ऐकून कपाळाला हात लावू नकोस. आमचा चौथा भिडू, निवृत्त पोस्टमन, लेकाकडे राहायला गेला. उरलो मी, मास्तर आणि शेजारीणबाई. मेंढीकोट तिघांत होत नाही, दोघांची जोडी दोघांशी भिडावी लागते. तीन शनिवार आम्ही नुसता चहा प्यायलो. मास्तरांनी त्यांच्या मांजराच्या पोटाबद्दल सांगितलं, शेजारीणबाईंनी स्वतःच्या.

चौथ्या शनिवारी तिघांतच जमेल तसं काहीतरी खेळत होतो. तुझा भाऊ पाण्याचा तांब्या भरायला बाहेर आला आणि माझ्या मागे थांबला. मी किलवरची राणी टाकणार, तेवढ्यात मागून नुसतं "अं" आलं. मी राणी ठेवली, सत्ती टाकली आणि डाव माझा झाला. मास्तरांचं तोंड बघायला हवं होतंस. मास्तर पत्ते लपवतात, हे पाळकसाहेबांसकट सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांना हरवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

मी चौथी खुर्ची पुढे करत त्याला विचारलं, "तुला चालेल ना रे?" तो म्हणाला, "चालेल की." हो, तू म्हणाली होतीस तेच म्हणाला. पण त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस. दोन महिने माझ्या घरात एक सावली वावरत होती, तिचा त्या संध्याकाळी माणूस झाला. हसला, वहिनी. त्याला हसताना गालाला खळी पडते, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

आणि पैसे नाहीत, घाबरू नकोस. आम्ही बटणं लावतो. ही त्याचीच कल्पना, डाव जिंकला की शर्टाची दोन पांढरी बटणं. जगात बटणांपायी कुणाचं घर बुडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तू कोंडून ठेवून जे साधलं नसतं ते मी मोकळं सोडून साधलं, असं म्हणायचा मोह होतोय. म्हणतेच.

तुझी
विजयी नणंद


२६ एप्रिल

ताई,

त्याला पैशाचं वेड कधीच नव्हतं. जिंकलेले पैसे तो त्याच संध्याकाळी बायकोच्या हातात आणून द्यायचा. त्याला वेड आहे ते हरलेलं परत मिळवायचं. लहानपणी गोट्या हरला की जेवायला येत नसे, आईला दंडाला धरून आणावं लागे. त्या गोट्यांची किंमत काय होती? तुम्ही पैशाच्या जागी बटणं ठेवलीत आणि तुम्हाला वाटलं, विषातलं विष काढून घेतलं.

त्याच्या बायकोचं पत्र आलंय. लिहिते, "ताईंच्या घरी ते सुधारताहेत ना?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू ते तुम्हीच सांगा, नाहीतरी माझ्या वतीनं तुम्ही पुष्कळ ठरवता.

मी हात जोडते. बंद करा.

भावजय


१५ मे

वहिनी,

सलाम.

इकडे उकाडा फार आहे. देवळातला एक पंखा बंद पडलाय, आणि तो दुरुस्त करावा की नाही यावर वडील मंडळाच्या दोन सभा झाल्या. दुसऱ्या पंख्याच्या आवाजाची ठेचकाकांना ठेच लागते. शेजारीणबाईंनी लोकरीचं काहीतरी विणायला घेतलंय. ते मोजा आहे की टोपी, हे त्यांनाही अजून कळलेलं नाही.

तुझा भाऊ मजेत आहे. काम करता करता गुणगुणतो, असं दुकानाचे मालकही म्हणाले. आता आम्ही बुधवारीही बसतो, त्यालाच शनिवारपर्यंत दम धरवत नाही. मीही नको म्हटलं नाही, कारण त्याला नको म्हटलं की सावली परत येते. मास्तर सध्या त्याला सपाटून हरवताहेत. आणि आता ती साधी पांढरी बटणं राहिली नाहीत बरं का. काळी आहेत, तपकिरी आहेत, शिंगाची आहेत, एका पितळी बटणावर तर जहाजाचं चित्र आहे. काचेच्या वाडग्यात ठेवली तर काय सुरेख दिसतात.

त्याच्या बायकोला लिही, की तो वेळेवर जेवतो आणि देवळात येतो. दोन्ही खरं आहे.

नणंद


२१ मे

ताई,

एकच विचारते. दुकानात मालक बटणं मोजून देतो, असं त्यानंच मला फेब्रुवारीत लिहिलं होतं.

मग ही कुठून येतात?

भावजय


३ जून

वहिनी,

आज शनिवार आहे. डाव नाही. त्यामुळे लिहायला वेळ आहे.

तुझं कार्ड गेल्या शनिवारी दुपारी आलं. वाचलं आणि बरणीखाली दाबून ठेवलं. तुला वाटेल, मला अर्थ कळला नाही. चांगला कळला. पण संध्याकाळी लोक येणार होते, चहाचं आधण ठेवायचं होतं, आणि मला वाटलं, उद्या विचारू. त्या संध्याकाळी मी त्याच्याकडून चार बटणं जिंकली. मोठी, काळी, जाड कडेची. मला फार आवडली. मी म्हटलंसुद्धा, "असली बटणं हल्ली मिळत नाहीत." तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेत धडा वाचायची पाळी ठेचकाकांची. कोटाला नवं अस्तर लावायला त्यांनी तो दुकानात टाकला होता. मालकानं कागदात गुंडाळून दिला, आणि हे तसाच चढवून थेट देवळात आले. पुढे जाऊन उभे राहिले, शास्त्र उघडलं, आणि कोटही उघडला. एकही बटण नाही. आत बाह्या कापलेला जुना शर्ट, त्याला पोटावर ठिगळ. त्यांनी एका हातानं कोट धरला आणि दुसऱ्या हातानं शास्त्र. मग पान उलटायची वेळ आली. कोट सोडला तर पोट दिसतं, शास्त्र सोडलं तर वडील मंडळातून जावं लागतं. अख्खं देऊळ हसलं, वहिनी. पाळकसाहेब खाली वाकून बुटाची नाडी शोधू लागले, आणि त्यांच्या बुटाला नाडीच नाही.

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. मला वाटलं, देवाच्या घरी न्याय आहे, माझ्या क्रीमच्या बिस्किटांचा सूड निघाला. आणि हसता हसता ती चार बटणं डोळ्यांसमोर आली. माझ्या काचेच्या वाडग्यात, खिडकीशी, उन्हात चमकत ठेवलेली. मागे वळून पाहिलं तर तुझ्या भावाची जागा रिकामी होती.

तो घरी नव्हता. रात्री आला नाही. सोमवारी दुकानात गेले तर तीन गिऱ्हाइकं आपापले कपडे घेऊन उभी होती, आणि मालक पोलिसांत जायच्या गोष्टी करत होता. मालकाकडूनच कळलं, की सिनेमागृहामागच्या कॅन्टीनमध्ये पैशाचा डाव चालतो आणि हा महिनाभर दर शुक्रवारी तिथे बसतोय. बटणांनी त्याचं भागेनासं झालं होतं. मी त्या कॅन्टीनमध्ये गेले, पळायचे बूट घालून. टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. एकानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, खेळणार?" मी म्हटलं, "बाबा, मीच एकाला शिकवून पाठवलंय." त्याला ती थट्टा वाटली.

मंगळवारी सकाळी वाडगा पिशवीत घालून दुकानात गेले. मास्तरांची जिंकलेली बटणंही आणली होती, त्यांनी मुकाट्यानं दिली. मालकाच्या पाया पडायची तयारी ठेवली होती. आत पाहते तर ठेचकाका तुझ्या भावाचं कोपर धरून उभे. पहाटे फिरायला जातात, तेव्हा तो त्यांना स्टेशनच्या बाकावर सापडला होता. दोन दिवसांचा उपाशी.

मालक म्हणाला, "काका, यानंच तुमच्या कोटाची बटणं कापली."

ठेचकाका म्हणाले, "मीच कापायला सांगितली. बटणं चमकतात. मला ठेच लागते."

मालकानं विचारलं, "आणि बाकीच्या गिऱ्हाइकांची?"

"ती संध्याकाळपर्यंत जागेवर बसतील. बसेपर्यंत मी इथून हलत नाही. स्टूल द्या."

मालकानं स्टूल दिलं. ठेचकाकांना दुकानात बसवून घेणं परवडलं असतं तर त्यानं खुर्ची दिली असती. दिवसभर ते सुईत दोरा ओवून देत होते आणि तुझा भाऊ मान वर न करता बटणं लावत होता. मी वाडगा समोर ठेवला. ठेचकाकांनी त्यातल्या त्यांच्या चार बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, दोरा काळा द्या." बस्स. माझ्या बुटांवर, बिस्किटांवर, फुलांवर ज्यांनी तासतास भाषणं दिली, त्यांना खरोखर ठेच लागायची वेळ आली तेव्हा एक शब्द नाही. वडील मंडळातला माणूस भर दुकानात धडधडीत खोटं बोलला, आणि मला दुसऱ्या कुणाचं खरं बोलणं इतकं कधी आवडलं नव्हतं.

वहिनी, मला लाज वाटते. खोट्या ठेचांशी भांडून भांडून मला अशी मस्ती चढली की खरी ठेच माझ्याच घरात, माझ्याच मागच्या खोलीत लागली तरी मी ती जिंकून वाडग्यात ठेवली. तू सांगत होतीस आणि मी तुलाही ठेचकाका समजत होते.

पत्ते मी ठेचकाकांच्या हवाली केलेत. मेलेला उंदीर धरावा तसे त्यांनी ते चिमटीत धरले. म्हणाले, "घरात ठेवले तर मला ठेच लागेल." मी म्हटलं, "लागू द्या काका, तुम्हाला सवय आहे."

तो परत मागच्या खोलीत आहे. जेवतो. गुणगुणत नाही. मालकानं कामावर ठेवलंय, पण कात्री आता मालकाच्या गल्ल्याशी असते.

त्याच्या बायकोला काय सांगायचं ते तू ठरव. मी ठरवलेलं पुरे झालं.

तुझी
नणंद


८ जून

प्रिय ताई,

सलाम.

तुमच्या भावांनी हे पत्रही मोठ्यानं वाचायला घेतलं. पाळकसाहेबांच्या नाडीपर्यंत हसत होते. पुढे त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि उरलेलं मी मनात वाचलं.

मी दोन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुम्हाला बोलायचं ते सगळं बोलले होते. दुसऱ्यात काहीच बोलले नव्हते, ते जास्त वाईट होतं. राग आहे, ताई. भावाचा आहे, तुमचा आहे, आणि तुम्हाला न विचारता तुमच्या घराच्या नावानं शब्द देऊन बसले त्या बाईचाही आहे. घरात पत्ते आहेत हे मी त्याच्या बायकोला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तिनं निदान स्वतः ठरवलं असतं.

आता मी तिला काही लिहिणार नाही. ती लेकीला घेऊन सतरा तारखेला शनिवारी तुमच्याकडे येतेय. त्यानं स्वतः सांगू दे. न सांगता ती राहिली तर ते राहणं काय कामाचं?

तुम्ही दोन दिवस त्याला शोधलंत, त्या कॅन्टीनमध्येसुद्धा गेलात. हे मी विसरणार नाही. बाकीचंही विसरणार नाही, पण हे आधी आठवेन.

ती आली की लगेच लिहा. मला झोप नाही.

तुमची
भावजय


१८ जून

प्रिय वहिनी,

प्रभूत सलाम. या वेळी मनापासून.

काल ती आली. लेक केवढी उंच झालीय, फ्रॉकची शिवण खाली सोडायला हवी, आणि बापानं तिला पाहिल्याबरोबर पहिलं तेच पाहिलं. मी चहा ठेवला. म्हटलं, आधी दोन घोट पिऊ दे, मग बोलेल. पण त्यानं कप हातात घ्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पत्ते, बटणं, शुक्रवार, स्टेशनचा बाक. स्वतःला कुठे वाचवलं नाही आणि माझ्यावर काही ढकललंही नाही. खरं तर ढकलायला जागा होती. मग मीच म्हटलं, "डाव माझ्या घरात होता. तुझ्या नणंदेनं नको म्हणून तीनदा लिहिलं होतं. मी ऐकलं नाही."

ती उठली. पिशवी उचलली, लेकीचा हात धरला. तुझा भाऊ उठलासुद्धा नाही, टेबलाकडे बघत बसला.

आणि नेमके त्याच वेळी हे तिघं आले. मास्तर, शेजारीणबाई आणि ठेचकाका. शनिवारी सहाला माझ्याकडे यायचं, ही म्हाताऱ्या पायांची खोड आहे, पत्ते असोत नसोत. पोस्टमनच्या जागी आता ठेचकाका येतात. मी बोलावलेलं नाही. म्हणतात, माझ्यावर लक्ष ठेवायला येतात. आत आल्या आल्या त्यांना माझ्या पडद्यांच्या रंगाची ठेच लागली. मी पडदे काढले नाहीत आणि काढणारही नाही, काही ठेचा त्यांनी घरी जाऊन चोळाव्यात.

चौघांनी आपापल्या खुर्च्या धरल्या. शेजारीणबाईंनी लोकर काढली. मास्तरांनी उगाच टेबलावरून हात फिरवला, पत्ते वाटायची सवय. ठेचकाकांनी कोटाची चारही बटणं लावली आणि छताकडे बघू लागले. तुझी भावजय पिशवी धरून दारात उभी.

मग तिनं मला विचारलं, "शनिवारी पत्ते नाहीत, तर आता तुम्ही काय करता?"

चांगलं काहीतरी सांगावं असं फार वाटलं. भजन म्हणतो म्हणावं, शास्त्र वाचतो म्हणावं. पण आमच्यात खोटं बोलायचा मान आता ठेचकाकांचा.

मी म्हटलं, "कंटाळतो. सगळे मिळून."

तिनं एकेकाकडे पाहिलं. शेजारीणबाईंच्या त्या मोज्याकडे की टोपीकडे, मास्तरांच्या रिकाम्या हातांकडे, छताकडे बघणाऱ्या ठेचकाकांकडे. सगळ्यांत शेवटी नवऱ्याकडे. आम्ही खरोखरच फार कंटाळलेले दिसत असणार. चार म्हातारी माणसं, आवडता खेळ सोडून, एका तरुण माणसाबरोबर भिंतीकडे बघत बसलेली.

तिनं पिशवी खाली ठेवली. सोडली नाही, नुसती ठेवली. लेकीला म्हणाली, "बस जरा." मग स्वतः बसली, नवऱ्याजवळ नव्हे, शेजारीणबाईंजवळ. गाडीची वेळ होईपर्यंत बसली. त्यानं तेवढ्यात लेकीच्या फ्रॉकची शिवण सोडवून नव्यानं घातली.

निघताना दाराशी मला म्हणाली, "पुढच्या शनिवारीही येते. कंटाळायला."

तुझी
नणंद